झांज पिशवीतच राहू दे

दुर्मिळ जनुकीय आजार असलेल्या मुलासोबत गाण्याचं सत्र घेणार असशील, तर पहिल्या सत्राआधी त्याच्या आईवडिलांशी निवांत बोलून घे. विल्यम्स सिंड्रोममध्ये ७व्या गुणसूत्राचा छोटासा तुकडा गळालेला असतो. यातल्या बऱ्याच मुलांना गाण्याची जबर ओढ असते, पण अचानक झालेला मोठा आवाज सोसत नाही. म्हणून झांज नकोच.

रेट सिंड्रोमच्या मुलींसोबत खरा धीर लागतो. बहुतेकींमध्ये एमईसीपी२ या जनुकात बदल झालेला असतो. हातांचा वापर हरवतो, बोलणं थांबतं, पण नजर बोलते. दोन गाण्यांची दोन चित्रं तिच्यासमोर धर आणि थांब. 'हे हवं का, ते हवं का' असा धोशा लावू नकोस. माझ्या गटातल्या एका मुलीची नजर जवळजवळ मिनिटभरानं उजवीकडच्या चित्रावर येऊन खिळली. मी आधीच गाणं सुरू केलं असतं, तर ती निवड माझी ठरली असती, तिची नाही.

संस्थेनं निधीसाठी मैफल ठेवली, तर मुलाला मंचावर आणायचं की नाही हे घरच्यांनाच ठरवू दे. लोकांना दया यावी म्हणून तर मुळीच नको. गाण्यानं आजार बरा होतो, असंही कुणाला सांगू नकोस.

आणि सुरुवातीचं गाणं दर वेळी तेच ठेव, त्याच चालीत.