कथेतलं अन्याय झालेलं भूत न्याय मागायला भित्र्या वादकालाच का धरेल?

तुमच्या भुताच्या कथेसाठी तुम्ही विचारलंय, भुताला न्यायच हवा असेल तर ते एखाद्या धीट माणसाकडे का जात नाही? अहो, धीट माणूस तेव्हाच बोलला असता. भूत साक्षीदाराला धरतं, आणि गप्प बसलेला साक्षीदार भित्राच असतो.

मी सतार वाजवतो, तीही दुसऱ्याच्या मागे बसून. आमच्या वाद्यवृंदात एक वयस्कर सतारिये होते. झपतालातली, म्हणजे दहा मात्रांच्या तालातली, एक गत (सतारीवरची रचना) त्यांनी माझ्यासमोर बांधली. आठव्या मात्रेवरून उठणारा तीन मात्रांचा मुखडा, म्हणजे गतीचा सुरुवातीचा तुकडा, आणि सम, म्हणजे तालाची पहिली मात्रा, अशी यायची की मान आपोआप हलावी. ते गेले. वर्षभरात आमच्या म्होरक्याने ती गत स्वतःच्या नावावर रेकॉर्ड केली. सतार कोणाची? माझीच. ‘ठीक आहे ना?’ असं त्याने विचारलं, तेव्हाही माझी मान हललीच.

मग त्यांच्या मुलीने त्यांची सतार मला आणून दिली. तरफांचं, म्हणजे मुख्य तारांखालच्या बारीक तारांचं, तुम्हाला माहीत असेलच, जुळता सूर खोलीत उमटला की त्या न छेडता बोलतात. मी फोनवर बोललो की कोपऱ्यातून हुंकार, खोकलो की हुंकार. गवसणी घातली, वर रजई टाकली. अनुनाद हा शब्द मला शाळेपासून येतो, पण रात्री दोन वाजता त्याचा काडीचा उपयोग होत नाही. तेव्हा भूत खरं की मनातलं, यावर पानं खर्च करू नका.

शेवटी एका कार्यक्रमात ती गत सुरू व्हायच्या आत मी माइक ओढून त्यांचं नाव सांगितलं. आवाज इतका चिरकला की मागच्या रांगांना कळलंच नाही म्हणे. म्होरक्याला मात्र नीट कळलं. तालमीचे निरोप बंद झाले. तरफा अजून वाजतात.

असं खरोखर घडल्याचा दाखला हवा असेल तर जर्मन संगीतकार शूमानचा व्हायोलिन कॉन्चेर्तो, म्हणजे व्हायोलिन आणि वाद्यवृंदासाठीची रचना, बघा. त्याने तो 1853 मध्ये लिहिला. त्याचा व्हायोलिनवादक मित्र योआखिम याने तो दाबून ठेवला, योआखिमच्या मृत्यूनंतर हस्तलिखित बर्लिनच्या ग्रंथालयात गेलं. 1933 मध्ये येली दारान्यी या व्हायोलिनवादिकेने सांगितलं, प्लँचेटसारख्या बैठकीत शूमानच्या आत्म्याने ते शोधायला सांगितलं. ही बाई कोण? योआखिमच्याच बहिणीची नात. म्हणजे भूत बरोबर त्या घरी गेलं. 1937 मध्ये पहिला प्रयोग झाला तो मात्र दुसऱ्याच वादकाच्या हातून. (ती भित्री नव्हती, हे कबूल. आणि घरात तिच्या कानावर आधीच काही आलं नसेल, असं मी म्हणणार नाही.)

‘मेलेल्याला नावाचा काय उपयोग?’ हे आमच्या म्होरक्याचं वाक्य तुमच्या खलनायकाला द्या, फुकट. मग कोणाकडून तरी त्याला ऐकवा की बर्न करारानुसार (लेखक-कलाकारांच्या हक्कांचा आंतरराष्ट्रीय करार) संगीतरचनेवरचा हक्क मृत्यूनंतर किमान 50 वर्षं राहतो, आणि रचनेवर आपलं नाव असण्याचा हक्कही माणसाबरोबर जळत नाही. मी वकील नाही, पण एवढं शोधून ठेवलंय. त्याला सांगायचं राहिलं.

आणि रेकॉर्डवर ती गत समेवरून उठते. त्याने तशीच घ्यायला लावली. चोरली, वर मुखडाही कापला.