बिलाची खिडकी: मामांचा स्टेंट आणि विकलेल्या म्हशी

(हे सदर लिहिणारे काका पुण्यातल्या एका ट्रस्टच्या रुग्णालयात २६ वर्षं बिलिंग विभागात होते.)

प्रश्न: काका, श्रावणात आमच्या मामांच्या (सासऱ्यांच्या) छातीत रात्री अडीचला कळ आली. बार्शीहून गाडी करून सोलापूरला नेलं. खासगी दवाखान्यात आधी ५० हजार भरा म्हणाले. केशरी रेशनकार्ड दाखवलं, तर काउंटरवरचा मुलगा म्हणाला, इमर्जन्सीत योजना चालत नाही. अँजिओप्लास्टी झाली, माणूस वाचला. पण बिल झालं २ लाख ८६ हजार. दोन म्हशी विकल्या, माझं गंठण अजून सोनाराकडे आहे. आमचं काय चुकलं? आणि सरकार एवढ्या योजना काढतं, त्या आमच्यापर्यंत का येत नाहीत?
— एक सून, बार्शी तालुका

उत्तर: ताई, तुमचं काही चुकलं नाही. घरातलं माणूस घामाघूम होऊन पडलेलं असताना कुणी शासन निर्णय वाचत बसत नाही. काउंटरवरचा मुलगा मात्र चुकीचं बोलला. महात्मा फुले जनआरोग्य योजनेत तातडीच्या रुग्णासाठी फोनवरून कळवून उपचार सुरू करायची सोय आहे, कागद मागून देता येतात. अँजिओप्लास्टी योजनेत बसते. १ जुलै २०२४ पासून तर कार्ड पिवळं, केशरी की पांढरं हेही बघत नाहीत आणि वर्षाला कुटुंबामागे ५ लाखांपर्यंतचा खर्च योजना देते.

तो मुलगा असं का बोलला, ते मला ठाऊक आहे. मीही त्या खुर्चीत बसून असलं बोललोय. आमच्या रुग्णालयात गरिबांसाठीच्या खाटा रिकाम्या असल्या तरी ‘फुल आहेत’ सांगायची सूचना होती. तोंडी. लेखी कधीच काही नसायचं. बाई पदर डोळ्याला लावून परत जायची आणि मी पुढचा नंबर पुकारायचो. निवृत्त झाल्यावर हे सदर लिहायला घेतलं ते काही समाजसेवेच्या हौसेनं नाही.

आता आधी तुमच्या पैशांचं बघू. ते रुग्णालय योजनेत आहे का, हे १५५३८८ या नंबरवर फोन करून विचारा. असेल, तर तिथे योजनेच्या रुग्णांना मदत करणारा ‘आरोग्यमित्र’ नावाचा माणूस बसलेला असायलाच हवा होता. तक्रार त्याच नंबरवर नोंदवा, तक्रार क्रमांक घ्या आणि भरलेल्या पैशांच्या पावत्या जोडून परतावा मागा. योजनेत नसेल, पण पाटीवर कुठेतरी ‘ट्रस्ट’ किंवा ‘धर्मादाय’ असेल, तर दुसरा रस्ता आहे. मुंबई उच्च न्यायालयाने २००६ मध्ये घालून दिलेल्या योजनेप्रमाणे अशा रुग्णालयांनी १० टक्के खाटा निर्धन रुग्णांना मोफत आणि आणखी १० टक्के दुर्बल घटकांना निम्म्या दराने द्यायच्या असतात. वार्षिक उत्पन्न १ लाख ८० हजारांपर्यंत असेल तर निर्धन, ३ लाख ६० हजारांपर्यंत असेल तर दुर्बल. तातडीच्या रुग्णाकडून डिपॉझिट मागायची तर मुभाच नाही. तहसीलदाराचा उत्पन्नाचा दाखला काढा आणि सोलापूरच्या धर्मादाय कार्यालयात अर्ज द्या. पैसे परत मिळतीलच असं मी लिहून देत नाही, पण अर्ज द्याच.

आणि बिल पुन्हा काढून बघा. स्टेंट (म्हणजे रक्तवाहिनी उघडी राहावी म्हणून आत बसवलेली जाळी) वेगळ्या ओळीत, कंपनीच्या नावासकट आणि बॅच नंबरासकट लिहिलेला आहे का? तसा लिहायचा नियम आहे. नसेल तर सुटं बिल मागून घ्या.

स्टेंटचा विषय निघालाच आहे, म्हणून सरकारने काय करावं तेही सांगतो. फेब्रुवारी २०१७ मध्ये केंद्राने स्टेंटच्या किमतीवर मर्यादा घातली. औषध लावलेला स्टेंट २९,६०० रुपये, साधा ७,२६०. त्याआधी लाख-सव्वा लाख लावत होते. त्या आठवड्यात आमच्या विभागात सुतकी शांतता होती. पुढच्याच महिन्यात कॅथ लॅबचं (अँजिओप्लास्टी करतात त्या खोलीचं) शुल्क वाढलं, ‘प्रोसिजर’चा दर वाढला आणि हातमोज्यांपासून कॅथेटरपर्यंत किरकोळ सामानाची यादी अर्ध्या पानावरून दीड पानावर गेली. नवे दर संगणकात मीच भरले. एका बाजूने दाबलं की फुगा दुसऱ्या बाजूने वर येतो, हे मी माउस हातात धरून पाहिलंय.

त्या किरकोळ सामानाचं गणित तुम्हाला कुणी सांगणार नाही. आमच्या खरेदी विभागात सलाईनचा सेट ११ रुपयांना यायचा, त्यावर छापील किंमत १२५. बिलात १२५ च लागायचे, आणि तेही कायदेशीर, कारण छापील किमतीच्या वर एक पैसा घेतलेला नसायचा! छापील किंमत किती असावी हे रुग्णालयच कंपनीला सांगायचं. हा काही आमचाच शोध नव्हता. राष्ट्रीय औषध किंमत प्राधिकरणाने २०१८ मध्ये दिल्ली परिसरातल्या चार मोठ्या खासगी रुग्णालयांची बिलं तपासली, तेव्हा अशा सामानावर १,७०० टक्क्यांच्या वरपर्यंत नफा सापडला.

म्हणून माझं म्हणणं एवढंच आहे की सरकारने बिलाला हात घालावा. कार्डं वाटून झाली, आता दर ठरवावेत. खरेदीच्या किमतीवर किती टक्के चढवायचे याची मर्यादा हातमोज्यालाही हवी आणि आयसीयूच्या खाटेलाही. हे होत नाही असं मला कुणी सांगू नये. करोनात, मे २०२० मध्ये, याच महाराष्ट्राने खासगी रुग्णालयांचे दिवसाचे दर बांधून दिले होते: वॉर्ड ४,०००, आयसीयू ७,५००, व्हेंटिलेटरसह ९,०००. बिलं तपासायला लेखापरीक्षक नेमले आणि काही कुटुंबांना पैसे परतही मिळाले. पीपीई किट आणि महागडी इंजेक्शनं मात्र त्या दराबाहेर ठेवली होती. बिलं फुगली ती बरोबर तिथेच.

जानेवारी २०२१ पासून राज्यातल्या प्रत्येक नर्सिंग होमला दरपत्रक आणि रुग्णहक्कांची सनद दर्शनी भागात लावावी लागते. पुढच्या वेळी (न येवो) कुठे गेलात तर शोधा. बहुतेक वेळा ती फायर एक्स्टिंग्विशरच्या मागे असते. कुणी तपासायलाच येत नसेल तर कोण पुढे लावेल? औषधं आमच्याच दुकानातून घ्या, या सक्तीचा प्रश्नही सर्वोच्च न्यायालयाने मार्च २०२५ मध्ये राज्यांकडे सोपवला आहे. म्हणजे चेंडू मुंबईतच आहे.

आणि सरकारी दवाखाना? १५ ऑगस्ट २०२३ पासून प्राथमिक केंद्रापासून जिल्हा रुग्णालयापर्यंत सार्वजनिक आरोग्य विभागाचे उपचार मोफत आहेत. चांगलं झालं. पण केसपेपरचे १० रुपये वाचले म्हणून रात्री अडीचला हृदयरोगतज्ज्ञ तिथे उगवत नाही. तो असता तर बार्शीची गाडी थेट खासगीच्या दारात गेली नसती. २०१७ च्या राष्ट्रीय आरोग्य धोरणात २०२५ पर्यंत सरकारी खर्च जीडीपीच्या अडीच टक्क्यांवर न्यायचं लिहिलं होतं. २०२१-२२ च्या हिशेबात, म्हणजे करोनाचा खर्च धरूनही, तो १.८४ टक्के होता.

प्रश्न: तुमच्या सदरात डॉक्टर नेहमी खलनायक असतो. माझं कराडला २० खाटांचं रुग्णालय आहे. योजनेचे दर परवडत नाहीत, क्लेमचे पैसे महिनोन्‌महिने येत नाहीत. वीज, ऑक्सिजन, जैविक कचरा, सिस्टरचे पगार मात्र रोख. मी योजनेतून बाहेर पडलो. काय चुकलं?
— एक सर्जन, कराड

उत्तर: डॉक्टरसाहेब, तुमचंही चुकलं नाही आणि हे मी चिडवायला लिहीत नाही. योजनेचा दर कागदावर ठरतो, पैसे यायला सहा महिने लागतात आणि मधल्या काळात सिस्टरचा नवरा तुमच्या दारात उभा राहतो. मग कोणी रुग्णाकडून ‘वरचे’ घेतो, कोणी तुमच्यासारखा बाहेर पडतो. दोन्हीकडून भुर्दंड बार्शीच्या ताईंनाच. म्हणून दर बांधायचे तर खरा खर्च मोजून बांधले पाहिजेत आणि सरकारने उशीर केला तर व्याजही दिलं पाहिजे. तुमच्या संघटनेने मात्र दर जाहीर करायला विरोध करणं सोडावं. तुमच्यासारख्या २० खाटांच्या दवाखान्याला त्यात लपवण्यासारखं काही नाही. भीती वाटायला हवी ती माझ्या जुन्या मालकांना, तुम्ही त्यांची ढाल का होता?

प्रश्न: मी ६८, मिस्टर ७३. मेडिक्लेमचा हप्ता ४१ हजारांवरून ५८ हजार झाला. जीएसटी गेला म्हणतात, मग वाढला कसा?
— निवृत्त शिक्षिका, ठाणे

उत्तर: बाई, वैयक्तिक आरोग्य विम्यावरचा जीएसटी २२ सप्टेंबर २०२५ पासून शून्य झाला, पण मूळ हप्ता कंपनी वाढवू शकते. तरी ज्येष्ठांचा हप्ता वर्षात १० टक्क्यांपेक्षा जास्त वाढवायचा तर आधी विमा नियामकाशी बोलावं लागतं, हा जानेवारी २०२५ चा आदेश आहे. तो दाखवून कंपनीला लेखी विचारा, उत्तर पटलं नाही तर विमा लोकपालाकडे जा. पॉलिसी रागाने बंद करू नका, या वयात नवी मिळणं कठीण. मिस्टरांचं ७० वर्षांवरच्यांसाठीचं आयुष्मान वय वंदना कार्ड (सरकारच्या मोफत उपचार योजनेचं) मात्र याच आठवड्यात काढा. उत्पन्नाची अट नाही, मेडिक्लेम असला तरी चालतो. वय आधारवरचंच धरतात, तेव्हा आधी तिथलं जन्मसाल बघून घ्या. त्या पिढीत शाळेत घालताना मास्तरांनी १ जून लावलेला असतो, आणि सालही कधीकधी त्यांच्याच मनाचं.