रास्पबेरी पायवरच्या म्युझिक प्लेयरचा आवाज सुधारायचाय, पंधरा हजार कुठे घालावेत?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: रास्पबेरी पाय ४ (छोटा संगणक) वर व्हॉल्युमिओ हे गाणी वाजवायचं सॉफ्टवेअर, गाणी फ्लॅकमध्ये (दर्जा न घालवता दाबलेल्या फाइल) एनएएसवर, म्हणजे घरच्या नेटवर्कवरच्या साठवणीत, पुढे यूएसबी डॅक (डिजिटल डेटाचा आवाजाचा सिग्नल करणारा डबा), अँप्लिफायर आणि बुकशेल्फ स्पीकर. नाशिकच्या इंदिरानगरला फ्लॅट, हॉल १२ बाय १६ फुटांचा. आवाज ‘सपाट’ वाटतो, बास कधी गायब तर कधी नुसता घुमतो, आणि गाणं थांबलं की स्पीकरमधून बारीक गुणगुण ऐकू येते. बजेट १५ हजार. लिनिअर पॉवर सप्लाय (साध्या अॅडाप्टरऐवजी कमी नॉइजचा, ट्रान्सफॉर्मरवाला) घ्यावा, ‘ऑडिओफाइल’ लॅन केबल घ्यावी की रिअल-टाइम कर्नल (कामं ठरल्या वेळेतच उरकणारा लिनक्सचा गाभा) टाकावा?

तिन्ही नको. का ते सविस्तर सांगतो, म्हणजे कुणी गळ घातली तरी तुम्ही बधणार नाही. मी अंबड एमआयडीसीत कंट्रोल पॅनलच्या कामात आहे आणि घरी असाच प्लेयर वापरतो, त्यामुळे नॉइज आणि अर्थिंग या दोन गोष्टींशी रोजची गाठ आहे.

आधी नेटवर्कचं बघू. एनएएसवरून पायपर्यंत फाइलचे तुकडे येतात. वाटेत एखादं पॅकेट हरवलं तर ते पुन्हा मागवलं जातं आणि सगळं आधी मेमरीत साठतं. नळाला पाणी सकाळी तासभर येवो की दिवसभर, गच्चीवरच्या टाकीतून घरात येणारी धार तीच असते. बफरचं काम तेच. कुठला सँपल (आवाजाचं एकेक मोजमाप) नेमका कधी वाजवायचा हे डॅकमधला क्रिस्टल, म्हणजे त्याचं घड्याळ, ठरवतो. हल्लीचे बहुतेक यूएसबी डॅक असिंक्रोनस असतात, म्हणजे डेटा किती वेगानं द्यायचा हे डॅकच पायला सांगतो. आणि डेटा तरी किती? सीडीच्या दर्जाचा सेकंदाला १,४११ किलोबिट. २४ बिट, १९२ किलोहर्ट्झचा साधारण ९.२ मेगाबिट, तोही फ्लॅकमध्ये दाबण्याआधी. जुन्या १०० मेगाबिटच्या पोर्टलाही हे ओझं नाही. नेटवर्क कमी पडलं तर गाणं अडखळतं, तुटतं. आवाज सपाट मात्र होत नाही. तुमचं गाणं तुटत नाहीये, म्हणजे तिथे दुरुस्त करण्यासारखं काही नाही. वाय-फायवर तुटत असतं तर पाच गिगाहर्ट्झवर न्या किंवा सरळ वायर ओढा असं म्हटलं असतं.

लॅन केबलमध्ये एक गंमत आहे. लॅनच्या पोर्टमध्ये छोटे ट्रान्सफॉर्मर असतात, त्यामुळे साध्या यूटीपी केबलनं जोडलेली दोन उपकरणं विजेच्या दृष्टीनं एकमेकांपासून वेगळी राहतात. महागड्या केबलला वरून शील्ड (धातूचं आवरण) आणि दोन्ही टोकांना धातूचे प्लग असतात. ते शील्ड राउटर आणि पाय यांचे ग्राउंड जोडून टाकतं आणि जी गुणगुण तुम्हाला घालवायचीय तिला आणखी एक रस्ता मिळतो. एम. जी. रोडला मीटरवर मिळणारी साधी कॅट सिक्स पुरे. उरलेल्या पैशात मिसळ खा.

‘यूएसबी आणि लॅन एकाच वेळी वापरू नका’, ‘कर्नल बदला’ हे सल्ले कुठून आले तेही सांगतो. पाय ३ पर्यंत लॅन आणि यूएसबी दोन्ही एकाच यूएसबी २.० च्या वाटेनं जायचे आणि तेव्हा खरोखर अडचणी यायच्या. पाय ४ मध्ये गिगाबिट लॅनची वाट वेगळी आहे, पण सल्ले मात्र तेच फिरत राहिलेत. रिअल-टाइम कर्नल लागतो तो रेकॉर्डिंग करताना, जिथे काही मिलिसेकंदांचा उशीरही खटकतो. नुसतं वाजवताना बफर आहेच.

आता गुणगुण. इथे खरं काम आहे आणि बहुतेक फुकटात होतं. आधी नीट ऐका. जाडसर ‘हम्म’ असेल तर ती ५० किंवा १०० हर्ट्झची, म्हणजे घरातल्या विजेची. गाणं बदलताना, मेनू हलवताना किरकिर बदलत असेल तर ती डिजिटल बाजूची. तुमची पहिल्या प्रकारची दिसते. अँप चालू ठेवा, आवाज एरवीएवढाच ठेवा आणि एकेक वायर काढत जा. डॅकची यूएसबी वायर काढल्यावर थांबली तर ग्राउंड लूप (दोन वाटांनी अर्थ जोडला जाऊन तयार झालेलं वेटोळं) पायकडून येतोय. नाही थांबली तर टीव्हीकडे बघा. त्याच अँपला टीव्ही जोडला असेल तर केबलवाल्याची काळी वायर सेट-टॉप बॉक्समधून काढा. ती वायर अख्ख्या बिल्डिंगभर फिरून आलेली असते, तिचं शील्ड भलत्याच ठिकाणी अर्थ झालेलं असतं आणि एचडीएमआयमार्गे ते थेट तुमच्या अँपच्या ग्राउंडला येऊन भिडतं. मी जिथे जिथे ही तक्रार बघितली तिथे बहुतेक वेळा हीच वायर निघाली.

तसं नसेल तर अँप, डॅक, पाय आणि राउटर एकाच एक्स्टेन्शन बोर्डवर आणा. मग त्या सॉकेटचं अर्थिंग तपासा. जुन्या नाशकातल्या वाड्यांत, आणि खरं तर नव्या स्कीममध्येही, सॉकेटला तीन भोकं असतात पण तिसऱ्याच्या मागे वायरच नसते. मल्टिमीटरनं फेज-अर्थ २३० व्होल्टच्या आसपास आणि न्यूट्रल-अर्थ दोन-तीन व्होल्टच्या आत दिसायला हवं. सवय नसेल तर वायरमनला बोलवा. डॅकच्या किंवा पायच्या धातूच्या केसवर हात फिरवल्यावर हलकीशी झिणझिण जाणवत असेल, तर ती दोन पिनांच्या अॅडाप्टरमधून झिरपणारी वीज आहे, आणि अर्थ नीट नसेल तर ती ऑडिओच्या वायरीतून वाट काढते. एक गोष्ट मात्र कधीही करू नका: गुणगुण थांबते म्हणून अँपची अर्थ पिन काढू नका. थांबेल, पण जिवावर बेतेल.

लाईट गेल्यावर गुणगुण वाढते का तेही बघा. स्क्वेअर वेव्ह इन्व्हर्टर असेल तर वाढणारच, आणि त्यावर प्लेयरच्या बाजूनं इलाज नाही. पंख्याचा रेग्युलेटर स्टेपवाला, कपॅसिटरचा असेल तर त्रास देत नाही. गोल फिरवायचा जुना डिमर असेल तर पंखा अर्ध्यावर ठेवला की भुणभुण सुरू. रेग्युलेटर बदलणं लिनिअर सप्लायपेक्षा कितीतरी स्वस्त पडतं.

लिनिअर सप्लायबद्दल एवढंच: डॅकला स्वतःचा वेगळा पॉवर सप्लाय असेल तर पायचा सप्लाय बदलून हाती काही लागणार नाही. डॅक पायच्याच यूएसबीवर चालत असेल तर स्वतःच्या सप्लायवर चालणारा डॅक घेणं जास्त शहाणपणाचं. पायला मात्र त्याचं अधिकृत ५.१ व्होल्ट, ३ अँपिअरचं अॅडाप्टर द्या. मोबाईलचा चार्जर आणि बारीक वायर लावली की व्होल्टेज पडतं आणि ४.६३ व्होल्टच्या खाली गेलं की पाय तक्रार नोंदवतो, स्क्रीन जोडलेला असेल तर कोपऱ्यात विजेचं चिन्ह दाखवतो. यूएसबी आयसोलेटर (पाय आणि डॅक यांचे ग्राउंड वेगळे ठेवणारा डबा) घ्यायचा मोह झाला तर आधी त्याचा वेग विचारा. स्वस्तातले १२ मेगाबिटचेच असतात. त्यातून २४ बिट, ९६ किलोहर्ट्झच्या वरचं जात नाही आणि काही डॅक त्यावर ओळखलेच जात नाहीत.

सेटिंगमध्ये दोनच गोष्टी बघा. रिसँपलिंग (फाइलचा किलोहर्ट्झचा आकडा बदलून वाजवणं) बंद ठेवा. आणि व्हॉल्यूम: प्लेयरमधला सॉफ्टवेअर व्हॉल्यूम दर सहा डेसिबलला एक बिट खातो. डॅककडे डेटा १६ बिटांतच जात असेल आणि तुम्ही ३६ डेसिबल कमी करून ऐकत असाल तर हातात दहा बिट उरले. २४ किंवा ३२ बिटांत जात असेल तर काळजीचं कारण नाही. सोपा मार्ग म्हणजे प्लेयर १०० वर आणि कमी-जास्त अँपच्या नॉबवर. अँपला नॉब नसेल, नुसता पॉवर अँप असेल, तर हे करू नका. पहिल्याच गाण्याला ट्वीटर (स्पीकरमधला उंच सुरांचा छोटा भाग) आणि शेजारी दोन्ही उडतील.

आता ‘सपाट’ आणि ‘घुमतो’ या तक्रारींचं मूळ. ते तुमच्या हॉलमध्ये आहे. खाली व्हिट्रिफाइड टाइल्स, उघड्या भिंती, एका बाजूला स्लायडिंगची काच. मधोमध उभं राहून टाळी वाजवा. मागोमाग ‘टर्रर्र’ असा आवाज आला तर तोच आवाज प्रत्येक गाण्यावर सांडतोय. शिवाय खोलीच्या मापाप्रमाणे काही ठरावीक सूर फुगतात. ध्वनीचा वेग सेकंदाला ३४३ मीटर धरला तर १६ फूट लांबीला पहिला सूर ३५ हर्ट्झचा आणि दुसरा ७० चा, १२ फूट रुंदीला पहिला ४७ चा. छोटे बुकशेल्फ स्पीकर ३५ पर्यंत फारसे उतरत नाहीत, पण ७० छान देतात, आणि डग्ग्याचा घुमारा त्याच परिसरातला. मागच्या भिंतीला टेकलेल्या सोफ्यावर हा ७० हर्ट्झ सगळ्यात जास्त फुगलेला मिळतो, आणि लांबीच्या एक चतुर्थांशावर, म्हणजे भिंतीपासून चार फुटांवर, जवळजवळ नाहीसा होतो. तुमचा बास ‘कधी गायब, कधी घुमतो’ तो तुम्ही कुठे बसता किंवा उभे राहता त्यावर. डॅक बिचारा निर्दोष आहे.

म्हणून स्पीकर टीव्ही युनिटच्या खणातून बाहेर काढा. खणात कोंबलेल्या स्पीकरचा आवाज डबक्यातून आल्यासारखाच येणार. मागच्या भिंतीपासून फूट-दीड फूट पुढे, कोपऱ्यापासून लांब, ट्वीटर कानाच्या उंचीला, आणि दोन स्पीकर व तुम्ही मिळून साधारण समभुज त्रिकोण. सोफा भिंतीपासून फूट-दोन फूट पुढे ओढा. मध्ये जाड सतरंजी, काचेवर भरपूर चुण्यांचा जाड पडदा, आणि शक्य असेल तर मागच्या भिंतीला पुस्तकांचं उघडं कपाट. घरच्यांशी वाटाघाटी कराव्या लागतील, विशेषतः सोफ्यासाठी. पडद्यावर सहसा एकमत होतं.

हे सगळं करून पैसे उरले आणि हौस असेल तर मोजायचा यूएसबी मायक्रोफोन घ्या. बजेटचा मोठा भाग तो खाईल, पण आरईडब्ल्यू हे सॉफ्टवेअर फुकट आहे आणि खोलीत काय चाललंय ते ग्राफवर दिसतं. इक्वलायझर मूड (moOde) या दुसऱ्या प्लेयर सॉफ्टवेअरमध्ये कॅमिलाडीएसपीच्या रूपात येतो, व्हॉल्युमिओत प्लगइन आहे. तीनशे हर्ट्झच्या खालचे फुगवटे तेवढे कापा. खड्डे भरायला जाऊ नका. जिथे लाट स्वतःलाच खोडते तिथे कितीही जोर लावला तरी फक्त अँप आणि स्पीकर दमतात.

आणि जुन्या रेकॉर्डिंगवर प्रयोग करून निराश होऊ नका. आपल्या नाशिकला जन्मलेले द. वि. पळुसकर १९५५ मध्ये गेले. त्यांचं बरंच गाणं तीन-साडेतीन मिनिटांच्या ७८ आरपीएम तबकड्यांवरचं, मोनो आणि वरच्या पट्टीत तोकडं. त्याची २४ बिटांची फाइल मिळाली तरी तबकडीत जे नव्हतं ते त्यात येणार नाही. तुलना करायची तर नीट ध्वनिमुद्रित झालेलं, ओळखीचं काहीतरी घ्या, दोन्ही वेळा आवाजाची पातळी सारखी ठेवा (अर्धा डेसिबल जास्त वाजणारं कायम ‘बरं’ वाटतं) आणि बदल केलाय की नाही ते दुसऱ्या कुणाला तरी ठरवू द्या.

आवाजाशी संबंध नाही, पण आपल्याकडे लाईट जाते म्हणून: चालू असताना वीज गेली की पायचं एसडी कार्ड खराब होण्याची भीती असते. राउटरसाठी मिळणारा छोटा यूपीएस घेणार असाल तर पायचीही सोय होईल असा बघा, नाहीतर व्हॉल्युमिओऐवजी पायकोअरप्लेयर हे सॉफ्टवेअर वापरा. तो चालू झाल्यावर सगळा रॅममध्ये चालतो आणि कार्डाला फारसा हात लावत नाही.

आधी गुणगुणीचं उरका. कुठली वायर काढल्यावर थांबली ते कमेंटमध्ये लिहा, म्हणजे पुढचं नेमकं सांगता येईल.