वाचकांचे प्रश्न : ठिपका बाईंचा, दुरुस्ती मुलांची

प्रश्न : सोलापुरात पूर्व भागातल्या मराठी माध्यमाच्या शाळेत नववीला इंग्रजी शिकवते. वर्गात ६० मुलं. बऱ्याच जणांच्या घरी तेलुगू, नाहीतर कन्नड. मुलांनी आपणहून शिकावं म्हणून ‘हवा तो स्वाध्याय निवडा’ असं सांगून पाहिलं. निम्म्यांनी सगळ्यात सोपा उचलला, उरलेल्यांनी गाईडमधून उतरवला. पोर्शन मागे पडला तो वेगळाच. चुकलं कुठं?

उत्तर : क्रम उलटा झाला. ऑन्री ओलेक या अभ्यासकानं १९८१ मध्ये स्वायत्त विद्यार्थ्याच्या हाती पाच गोष्टी असाव्यात असं मांडलं : काय गाठायचं, कोणत्या मजकुरातून, कोणत्या रीतीनं, काम कसं चाललंय यावर लक्ष आणि शेवटी जमलं का याची पारख. तुम्ही निवड आधी दिलीत. पण आपलं वाक्य बरोबर की चूक हेच ज्याला कळत नाही, तो निवडणार कशाच्या जोरावर? म्हणून पारख आधी द्या, निवड मागाहून.

पहिले चार आठवडे आठवड्यातली एकच तासिका यासाठी ठेवा, म्हणजे पोर्शन अडत नाही. मुलांनी सहा वाक्यं लिहायची. तपासताना चूक दुरुस्त करू नका, तिच्याखाली रेघही ओढू नका. त्या ओळीसमोर समासात एका चुकीला फक्त एक ठिपका. रोज १२ वह्या घेतल्या की पाच दिवसांत ६० होतात. पुढच्या तासिकेला १० मिनिटं मुलानं एकट्यानं चूक शोधायची, ५ मिनिटं बाकावरच्या जोडीदाराबरोबर. तरीही सुटली नाही तरच तुमच्याकडे.

शोधायच्या गोष्टी तीनच, फळ्यावर लिहून : क्रियापदाचा ‘एस’, ‘अ-अ‍ॅन-द’ आणि भूतकाळाचं रूप. एकदम दहा नियम दिले तर मुलं ठिपक्याकडं बघतसुद्धा नाहीत. ‘माय फादर वर्क इन टॉवेल फॅक्टरी’ यात दोन चुका आहेत, तर ठिपकेही दोन द्या. नाहीतर पोरगं ‘वर्क्स’ करून मोकळं होतं आणि ‘अ’ राहून जातो. मराठी, तेलुगू, कन्नड तिन्हींत आर्टिकल नाही, त्यामुळे ते गाळलेलं कानाला खटकतच नाही. या ठिपक्याला वेळ लागणार, हे धरूनच चाला.

पाचव्या आठवड्यापासून निवड. एका धड्यावर तीन कामं, जास्त नकोत. गाईडमधून उतरवणं हा मुलांच्या आळसापेक्षा प्रश्नाचा दोष असतो. ज्याचं उत्तर एकच आणि ठरलेलं, ते गाईडमध्ये असणारच. त्यापेक्षा कडक भाकरी कशी करतात ते बाहेरगावच्या माणसाला पाच वाक्यांत सांगायला लावा. किंवा डॉ. द्वारकानाथ कोटणीसांची तीन सालं द्या : १९१० सोलापुरात जन्म, १९३८ चीनला रवाना, १९४२ तिथंच मृत्यू. ‘वॉज बॉर्न’, ‘वेन्ट’, ‘डाइड’ ही तिन्ही रूपं मुलाला स्वतःच जुळवावी लागतात.

वहीच्या मागच्या पानावर तीन रकाने आखून घ्या : काय करणार, कधीपर्यंत, काय अडलं. ते मराठीत लिहिलं तरी चालेल, चालूच द्या. ‘इंग्रजी सुधारणार’ असं कुणी लिहिलं की परत पाठवा. ‘या धड्यातले आठ शब्द गुरुवारपर्यंत स्वतःच्या वाक्यात वापरणार’ असं लिहिलं, तर शुक्रवारी मोजता येतं.

प्रश्न : पालक म्हणतात, ‘बाई वह्या तपासतच नाहीत.’ काय सांगावं?

उत्तर : ठिपके लाल पेनानंच द्या आणि खाली तारखेसह सही करा, अर्धी तक्रार तिथंच मिटते. आपण स्वतः सोडवलेल्या ठिपक्याभोवती मुलांना गोल करायला सांगा. मग पालकसभेत पहिल्या आणि आठव्या आठवड्याचं पान शेजारी-शेजारी उघडा. ज्यांना इंग्रजी वाचता येत नाही, त्यांनाही गोल मोजता येतात.