दुसऱ्या भागात भूतच नाही, मग घाबरायचं कशाला?

वाचकांचे प्रश्न, सिनेमावाल्या काकांची उत्तरं

या वेळी अर्ध्याहून जास्त प्रश्न एकाच विषयाभोवती फिरतायत, भुताच्या सिनेमाचा पुढचा भाग येतो आणि त्यात भूत गायब, त्याच्या जागी गुन्हेगार. म्हणून बाकीचे प्रश्न पुढच्या अंकात, रागावू नका.

काका, कॉलेजात असताना ‘अनफ्रेंडेड’ बघितला होता, स्काइपवर भूत येतं तो. जाम टरकलो होतो. परवा त्याचा दुसरा भाग लावला आणि अख्खा सिनेमा वाट बघत बसलो, भूत आता येईल मग येईल. शेवटपर्यंत आलंच नाही! हॅकर, डार्क वेब म्हणजे इंटरनेटचा तो लपलेला भाग, किडनॅपिंग. ही फसवणूक नाही का?
— एक वाचक, दादर

नावाच्या बाबतीत म्हणाल तर हो, थोडी आहेच. पहिला २०१४ ला फेस्टिवलमध्ये आला आणि २०१५ ला थिएटरात, दुसरा म्हणजे ‘अनफ्रेंडेड: डार्क वेब’ २०१८ चा. निर्माता तैमूर बेकमाम्बेतोव दोन्हीकडे आहे पण दिग्दर्शक वेगळा, पात्रं वेगळी, गोष्टीचा एकमेकांशी काडीचा संबंध नाही. सामाईक काय, तर मित्रांचा ग्रुप कॉल आणि आपल्याला दिसणारी ती एकच कॉम्प्युटरची स्क्रीन.

पण मला विचाराल तर भूत काढलं ते बरंच केलं. कसं ते सांगतो. आपल्याकडची भुतं घ्या. मुंजा कशामुळे होतो, हडळ कशामुळे होते, समंध कुठल्या वाड्यात का अडकून पडतो, प्रत्येकाच्या मागे काहीतरी राहून गेलेलं असतं, कोणीतरी कोणाचं तरी वाईट केलेलं असतं. कोकणातल्या माणसाला विचारा, तो तुम्हाला भुताचं झाड सांगेल, वेळ सांगेल आणि त्याला नारळ लागतो की कोंबडा तेही सांगेल. पहिला ‘अनफ्रेंडेड’ अमेरिकन असला तरी हिशोब हाच. वर्गातल्या मुलीचा लाज काढणारा व्हिडिओ पसरवला, ती गेली, वर्षाने तिच्याच अकाउंटवरून कॉलमध्ये कोणीतरी आलं, आणि कॉलवर बसलेल्या एकेकाचे हात कसे बरबटलेत ते बाहेर येत गेलं. म्हणजे बघणारा मनातल्या मनात म्हणतोच की भोगा आता.

दुसऱ्या भागात पोराने काय केलं? कॅफेत हरवलेल्या वस्तूंमध्ये पडून असलेला लॅपटॉप उचलला. बस. तोही कशासाठी, तर मैत्रिणीला ऐकू येत नाही म्हणून तिच्याशी खाणाखुणांत बोलता येईल असं ॲप बनवतोय आणि त्याचा जुना लॅपटॉप स्लो आहे. मित्रांनी तर तेवढंही केलेलं नाही, ते बिचारे गेम खेळायला ऑनलाइन आलेत. आणि तरी सगळ्यांवर येतं. तुम्हाला जी चिडचिड झाली ना ती मला वाटतं भूत न दिसल्याची कमी आणि या बिनहिशोबी शिक्षेची जास्त आहे.

आता माझी तक्रार. भूत काढलं की लिहिणाऱ्याचं काम वाढतं. भुताने खिडकी बंद होऊ दिली नाही, आपोआप मेसेज टाइप केला, तर कोणी विचारत नाही कसा केला. माणसाने केलं तर विचारणारच की बाबा, तुला कळलं कसं, तू आत शिरलास कुठून? काही ठिकाणी सिनेमा हे चोख करतो. त्यातला एक मित्र ऑनलाइन बडबड्या, त्याच्याच आवाजाचे तुकडे जोडून हॅकर पोलिसांना धमकीचा फोन लावतात आणि त्याच्या दारात बंदुका घेऊन पोलीस हजर. तिकडे याला स्वॅटिंग म्हणतात आणि हे खरंच होतं, डिसेंबर २०१७ मध्ये कॅन्ससमधल्या विचिटा शहरात असल्या खोट्या फोनपायी ज्याचा कशाशी संबंध नव्हता असा माणूस पोलिसांच्या गोळीने मेला, आणि हा सिनेमा पहिल्यांदा दाखवला गेला तो मार्च २०१८ मध्ये. तो सीन बघताना मी खुर्चीत सरळ होऊन बसलो कारण त्यात जादू काहीच नाही, आवाज त्याचाच, पत्ता त्याचाच, फोन खोटा.

पण मग हेच हॅकर कॅमेऱ्यासमोर आले की चित्र फाटतं, तोंड दिसत नाही, वाटेल तिथे वाटेल तेव्हा पोचतात, पाहिजे ती गोष्ट चुटकीसरशी होते. म्हणजे भुताला हुडी घालून परत आणलं! गुन्ह्याकडे वळायचं ठरवलंच होतं तर पूर्ण वळायला हवं होतं.

‘डार्क वेब’ फाउंड फुटेज, म्हणजे मागाहून सापडलेल्या चित्रणासारखा सिनेमा आहे का पण? हातात कॅमेरा घेऊन कोणी पळत नाहीये.
— एक वाचक, मुलुंड

त्याच घराण्यातला आहे. ‘ब्लेअर विच प्रोजेक्ट’मध्ये (१९९९) जंगलात हरवलेल्या तीन मुलांच्या टेप मागाहून सापडतात, इथे टेपच्या जागी स्क्रीन. या प्रकाराला आता स्क्रीनलाइफ म्हणतात. आपल्याकडचं बघायचं असेल तर मल्याळममधला ‘सी यू सून’ (२०२०) बघा, लॉकडाउनमध्ये आयफोनवर शूट केलेला, महेश नारायणन दिग्दर्शक आणि फहाद फासिल. त्यात भूत मुळातच नाही, आणि एकाही ठिकाणी ‘हे कसं झालं बुवा’ असं वाटत नाही.

नातवाबरोबर ‘डार्क वेब’ बघितला. मला एक कळलं नाही, तो मुलगा लॅपटॉप बंद करून सरळ पोलिसात का जात नाही? इतका शिकलेला आणि इतका बावळट?
— एक आजी, गिरगाव

आजी, सिनेमात त्याला सांगितलेलं असतं की कॉल तोडलास किंवा कोणाला बोललास तर मैत्रिणीचं काही खरं नाही, आणि मैत्रीण कुठून चालत येतेय ते त्यांना दिसत असतं. म्हणून तो चिकटून बसतो.

पण तुमचा प्रश्न फार बरोबर आहे कारण आपल्या शहरात हेच रोज चाललंय आणि तिथे मैत्रीण वगैरे कोणी पकडलेली नसते. फोन येतो की तुमच्या नावाच्या पार्सलमध्ये ड्रग्ज सापडलेत, किंवा तुमच्या आधारवर कोणीतरी खातं उघडून काळा पैसा फिरवलाय. मग ‘साहेबांना’ जोडून देतो म्हणतात. व्हिडिओ कॉलवर अंगात खाकी, मागे भिंतीवर बोधचिन्ह, टेबलावर झेंडा, सगळं साग्रसंगीत. मोबाइलवर सीबीआयच्या नावाची नोटीस येते. आणि मग खरी मेख, की कॅमेरा बंद करायचा नाही, खोलीचं दार लावून घ्या, मुलाला-सुनेला काही सांगायचं नाही, तुम्ही डिजिटल अरेस्टमध्ये आहात. माणूस स्वतःच्याच घरात तासन्‌तास, कधी कधी दिवसेंदिवस त्या स्क्रीनसमोर बसतो, आणि पैसे ‘तपासणीसाठी’ म्हणून कुठल्या तरी खात्यात पाठवतो.

असली अटक कुठल्याही कायद्यात नाही. ऑक्टोबर २०२४ मध्ये पंतप्रधानांनी ‘मन की बात’मध्येही हेच सांगितलं होतं, थांबा, विचार करा, मग काय ते करा. पैसे गेलेच तर १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर लगेच फोन करायचा, म्हणजे अगदी लगेच, कारण पैसा एका खात्यातून दुसऱ्यात उडायच्या आत कळवलं तरच तो मध्ये अडवता येण्याची शक्यता असते. सायबरक्राइमच्या सरकारी पोर्टलवरही तक्रार होते. शाळा-कॉलेज शिकलेले, बँकेतून रिटायर झालेले, डॉक्टर, सगळे फसलेत यात, तेव्हा त्या पोराला बावळट म्हणताना जरा हात आखडता घ्या! त्या चोरांकडे सिनेमातल्यासारखी कसलीही ताकद नसते बरं का, एक युनिफॉर्म आणि एक दमदाटीचा आवाज, एवढ्यावर भागतं. असा सिनेमा कोणीतरी करायला हवा.

सिनेमा सोडा, खरंच विचारतो. ऑफिसच्या कॅन्टीनमध्ये एक लॅपटॉप बरेच दिवस बेवारस पडलाय. घरी नेऊन फॉर्मॅट मारला तर?
— एक वाचक, घाटकोपर

नको. ज्याच्या मालकाचा पत्ता लागू शकतो अशी सापडलेली वस्तू शोध न घेता खिशात घातली तर भारतीय न्याय संहितेचं कलम ३१४ लागू शकतं, कमीत कमी सहा महिने आणि जास्तीत जास्त दोन वर्षं कैद, वर दंड. आणि तो चोरीचा निघाला आणि तुम्हाला तशी शंका यायला जागा होती असं ठरलं तर आयटी कायद्याचं ६६ब, तीन वर्षांपर्यंत. ऑफिसच्या ॲडमिनला द्या आणि दिल्याचा मेल टाका म्हणजे तुमच्याकडे राहील. लोकलच्या रॅकवर बॅग दिसली तर रेल्वेच्या १३९ ला फोन किंवा स्टेशनवर आरपीएफ म्हणजे रेल्वे सुरक्षा दल, त्यांचं हरवलेलं सामान परत करायचं ‘ऑपरेशन अमानत’ चालू असतं.

आणि चालू करून आत काय आहे ते बघायचंही नाही. सिनेमातला हिरो तिथेच अडकला.

काका, मी आणि मित्रांनी चाळीत भुताची शॉर्टफिल्म केली होती, सीसीटीव्ही फुटेज स्टाइल, रात्री गॅलरीत सायकल आपोआप हलते वगैरे. लोकांना आवडली. आता पार्ट टू करायचाय पण भूत परत नको, मर्डर मिस्ट्री करायचीय. पार्ट वनचं सगळं विसरून नवीन चालू करू का?
— एक वाचक, वय १९, विक्रोळी

विसरू नकोस रे, अजिबात नको! तुझ्याकडे पार्ट वनची क्लिप आहे हेच तुझं भांडवल. तीच सायकल, तीच क्लिप, आता ती एका बाई इन्स्पेक्टरच्या टेबलावर आहे. लोकांनी भूत म्हणून बघितली, ती बाई पुरावा म्हणून बघतेय.

तिचा पहिला प्रश्न काय असेल? ही क्लिप कुठून आली. तू म्हणशील चाळीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर आली. मग ती म्हणेल याचा उपयोग नाही, व्हॉट्सॲपवर व्हिडिओ दाबला जातो, कधी कशावर शूट झाला ती माहिती उडते, मला मूळ डीव्हीआर, म्हणजे कॅमेऱ्याचं रेकॉर्डिंग साठवणारा डबा पाहिजे. डीव्हीआर कुठे, तर कमिटीच्या खोलीत, कॅरमच्या बोर्डामागे. त्याचं घड्याळ बघितलं तर सतरा मिनिटं मागे, म्हणजे सायकल हलली तेव्हा जो माणूस खाली पानाच्या टपरीवर होता असं सगळे म्हणतात तो तिथे नव्हताच. पासवर्ड कोणाकोणाला माहितीय, तर सगळ्यांना, कारण कंपनीने दिलेला कोणी बदललाच नाही. आणि हार्डडिस्क भरली की जुनं फुटेज आपोआप पुसलं जातं, त्यामुळे तिच्या हातात मोजकेच दिवस. बघ, पळापळ करायला भूत लागलं का?

कोर्टाचा भाग घालायचा असेल तर एक गोष्ट नीट वाच, भारतीय साक्ष्य अधिनियमाचं कलम ६३, जुलै २०२४ पासून लागू. असल्या फुटेजबरोबर सर्टिफिकेट जोडावं लागतं आणि त्यात फाइलची हॅश व्हॅल्यू लिहायची असते, म्हणजे त्या फाइलवरून काढलेला एक लांबलचक आकडा, फाइलमध्ये एवढंसं काही बदललं की तो पार वेगळा येतो. आता विचार कर, पहिल्या दिवशी लिहिलेला आकडा आणि कोर्टात काढलेला आकडा जुळत नाही. मध्ये डीव्हीआर कोणाच्या हातात होता? तुझा खुनी तिथेच सापडेल.

फक्त चाळीतल्या खऱ्या लोकांना त्यांना न सांगता शूट करू नकोस, विशेषतः कोणाच्या घराच्या आतलं तर नाहीच. आणि शेवटी ‘भूत पण होतं खरं’ असा एक शॉट टाकायचा मोह होईल, तो टाळ.

असा प्रयोग आधी कोणी केलाय का, भुताकडून गुन्ह्याकडे?
— एक वाचक, बोरिवली

केलाय, आणि फसलाय. ‘ब्लेअर विच’चाच दुसरा भाग, ‘बुक ऑफ शॅडोज’, २००० साली. दिग्दर्शक जो बर्लिंजर, मूळचा डॉक्युमेंटरीवाला, खऱ्या खून खटल्यावर त्याने ‘पॅराडाइज लॉस्ट’ केली होती. म्हणजे माणूस एकदम योग्य. पहिला सिनेमा बघून वेडे झालेले काही जण त्या जंगलात जातात, रात्रीचे काही तास कोणालाच आठवत नाहीत, आणि नंतर स्वतःच्याच कॅमेऱ्याच्या टेप लावून बघतात तर टेप भलतंच काही सांगतायत. आपण बळी आहोत असं ते समजत होते आणि टेप म्हणते तुम्हीच केलंत. टेप खोटी की डोकं खोटं? कसली भारी कल्पना आहे! पण स्टुडिओने काटछाट करून मध्ये मध्ये रक्ताचे शॉट घुसवले आणि मूळचा तो गोंधळलेपणा गेला. तरी बघा एकदा.

मैत्रिणीशी पैज लागलीय. तिने ‘डार्क वेब’ अमेरिकेत थिएटरात बघितला, मी इकडे घरी. तिचा शेवट माझ्या शेवटाशी जुळतच नाही. ती म्हणते मी झोपले असणार. वडापावची पैज आहे.
— एक वाचक, परळ

दोघीही जाग्या होतात. थिएटरात लावताना त्या सिनेमाचे दोन वेगवेगळे शेवट पाठवले होते, कुठल्या शोला कुठला लागेल ते बघणाऱ्याला माहीत नसायचं. तिने एक बघितला, तुम्ही दुसरा. वडापाव एकमेकींना द्या.