लेट्यूसचं अर्धंच बी उगवलं, दोष जीन्सचा की वातावरणाचा?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा, की एकच पाकीट दोघांनी अर्धं अर्धं वाटून घेतलं, मित्राकडे लेट्यूस जवळपास सगळं उगवलं आणि तुमच्याकडे उन्हाळ्यात ट्रे भरून पेरलं तर निम्मंच आलं, मग यात जीन्सचा हात किती टक्के आणि वातावरणाचा किती? टक्क्यांचं नंतर बघू, त्या प्रश्नातच गडबड आहे.

आधी हे बघा की लेट्यूस स्वपरागित पीक आहे. पिढ्यानपिढ्या स्वतःच्याच परागावर बी धरत आल्यामुळे एका व्हरायटीच्या सगळ्या बियांचे जीन्स जवळपास सारखेच असतात. म्हणजे तुमच्या ट्रेमधल्या उगवलेल्या आणि न उगवलेल्या बियांमधला फरक जीन्समुळे असण्याची शक्यता फारच कमी. तो फरक येतो तो झाडावर कुठलं बी आधी पिकलं कुठलं नंतर, कशाचं पोषण कसं झालं, ट्रेच्या कुठल्या कोपऱ्यात ओल आणि ऊन किती होतं, असल्या गोष्टींतून. पण म्हणून जीन्सचा संबंध नाही असं अजिबात नाही हं, कारण गरम झालं की लेट्यूसने उगवायचं थांबायचं हे मुळात जीन्सनीच ठरवलंय. "या दोन बियांत फरक का" आणि "हे बी असं वागतंच का" हे दोन वेगळे प्रश्न आहेत, लोक ते एकत्र करतात आणि मग वाद घालत बसतात.

आता आत काय चालतं ते. बियात दोन हार्मोन्सची रस्सीखेच असते, अ‍ॅब्सिसिक अ‍ॅसिड थांबवून धरतं आणि जिबरेलिन पुढे ढकलतं. तापमान, उजेड, ओल, मातीतलं नायट्रेट हे सगळं शेवटी या रस्सीखेचीवर येऊन पडतं, आणि दोन्ही हार्मोन्स बनवणारी आणि मोडणारी एन्झाइम्स जीन्समधून येतात. म्हणजे वातावरण बाहेरून थेट बीला उगववत नाही, ते जीन्स चालू-बंद करतं.

लेट्यूसचंच घ्या. २० अंशाला मस्त उगवतं, २८-३० च्या वर गेलं की बऱ्याच व्हरायटी अडून बसतात. त्यामागे एनसीईडी-४ नावाचा जीन आहे, अ‍ॅब्सिसिक अ‍ॅसिड बनवण्यातली एक महत्त्वाची पायरी तो चालवतो. गारव्यात बी भिजलं की तो शांत होतो, उष्णतेत मात्र चालूच राहतो. लेट्यूसच्या एका रानटी नातेवाइकात याच जीनचं असं रूप सापडलं की ते बी बऱ्यापैकी गरमीतही उगवतं, आणि लागवडीच्या लेट्यूसमध्ये हा जीन दाबून टाकला तर तेही गरमीत उगवायला लागलं. आता सांगा, हा जीन्सचा परिणाम की तापमानाचा? गारव्यात या जीनची दोन्ही रूपं सारखीच दिसतात, फरक दिसायला उष्णता लागते.

न उगवलेलं बी भिंगाखाली बघितलंत तर गंमत कळेल. ते पाणी पिऊन टम्म फुगलेलं असतं, साल ताणलेली असते, पण टोकाशी पांढरं मूळ काही दिसत नाही. भ्रूणाभोवती एंडोस्पर्मचं पातळ पण चिवट वेष्टण असतं, मुळाच्या टोकासमोर ते एन्झाइम्सनी मऊ पडावं लागतं तेव्हा मूळ बाहेर येतं. उष्णतेत तेच मऊ पडणं अडतं. म्हणजे बी मेलेलं नसतं, अडकलेलं असतं.

मला सगळ्यात भारी वाटतो तो आईचा, म्हणजे ज्या झाडावर बी धरलं त्याचा, भाग. लेट्यूसचं आपण जे बी म्हणतो ते खरं तर छोटं सुकं फळ आहे, त्याचं बाहेरचं कवच पूर्णपणे आईच्या पेशींचं. म्हणजे आईचे जीन्स हे आतल्या भ्रूणासाठी वातावरण झालं की! शिवाय बी झाडावर पिकत असताना हवा कशी होती तेही बियात साठून राहतं. उबेत पिकलेलं लेट्यूसचं बी पुढे जास्त तापमानालाही उगवतं, थंडीत पिकलेलं लवकर अडतं. अरॅबिडॉप्सिस या प्रयोगशाळेतल्या लाडक्या रोपातही तसंच, तिथे डॉग-१ नावाचा जीन २००६ मध्ये हाती लागला, बी पिकताना गारवा असला की तो जास्त चालतो आणि सुप्तावस्था खोल होते. त्यामुळे एकाच व्हरायटीची दोन वेगळ्या हंगामातली पाकिटं वेगळी वागली तर लगेच "भेसळ आहे" म्हणून ओरडू नका.

उजेडाचं थोडक्यात. १९५२ मध्ये अमेरिकेत बोर्थविक, हेंड्रिक्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ग्रँड रॅपिड्स व्हरायटीच्या भिजलेल्या बियांवर लाल (साधारण ६६० नॅनोमीटर) आणि फार-रेड (लालच्या पलीकडचा, डोळ्यांना जेमतेम दिसणारा, ७३०) प्रकाश आलटून पालटून टाकला, तर आधी कितीही वेळा काही टाकलं तरी शेवटचा जो असेल तो ठरवायचा, लाल असेल तर उगवायचं, फार-रेड असेल तर नाही. पानांतून गाळून येणाऱ्या उजेडात फार-रेड जास्त असतो, म्हणजे डोक्यावर दुसरी झाडं आहेत हे बीला कळतं. सगळ्या व्हरायटी इतक्या उजेडावर अडत नाहीत, इथे पुन्हा जीन्स आले. तरी लेट्यूसवर माती नावालाच टाका.

आता टक्के. समजा गरमीला अडणारी आणि न अडणारी अशा दोन व्हरायटी २० अंशाला लावल्या, दोन्ही सारख्याच उगवल्या, म्हणजे फरकात जीन्स शून्य टक्के. त्याच ३२ ला लावल्या, एक आली एक नाही, सगळा फरक जीन्सचा. आणि फक्त अडणारी व्हरायटी घेऊन दोन्ही तापमानांना लावली तर सगळा फरक तापमानाचा. बी तेच, जीन तेच, उत्तरं तीन. टक्केवारी ही तुम्ही मांडलेल्या प्रयोगाची असते, बीची नसते. कुणी "लेट्यूसची उगवण अमुक टक्के जेनेटिक" असं म्हणालं तर कुठल्या व्हरायटी आणि कुठलं तापमान ते आधी विचारा.

तुमच्या केसमध्ये जीन्स दोघांकडे सारखे, पाकीट एक, म्हणजे आईकडची हवाही तीच, तेव्हा फरक पेरल्यानंतरचा, आणि उन्हाळ्यातला ट्रे म्हटल्यावर माझा पहिला संशय तापमानावर. मातीत थर्मामीटर खुपसून दुपारी बघा, हवेचं तापमान बघून उपयोग नाही, काळा ट्रे उन्हात हवेपेक्षा बराच तापतो. ट्रेमधली उरलेली बिया काढून चिमटीत हलकेच दाबा, पचकन फुटली तर गेली, घट्ट असतील तर अजून आशा आहे. पण फार दिवस गरम ओलीत राहिलेलं बी दुय्यम सुप्तावस्थेत जातं, मग नुसतं गार करूनही लगेच ऐकत नाही, त्याला जिबरेलिन लागू शकतं. पाकिटात बी उरलं असेल तर ओल्या टिश्यूवर १५-२० अंशात, उजेड मिळेल असं ठेवा आणि मूळ दिसलं की मगच ट्रेमध्ये घ्या, एकदा मूळ बाहेर आलं की ती गरमीची अडवणूक संपते. आणि मित्राने कुठल्या महिन्यात पेरलं होतं तेवढं विचारून इथे टाका.