वाचकांचे प्रश्न : ‘माग’ लिहिलंय, वर्ग कोणता?

प्रश्न : वडगाव-शहापूर आणि निपाणी भागात आमच्या विद्यार्थ्यांनी घरोघरी पाहणी केली. ‘व्यवसाय’ या रकान्यात बहुतेकांनी ‘माग’, ‘विडी’, ‘शेती’ एवढंच लिहून आणलंय. यावरून आर्थिक-सामाजिक वर्ग कसे पाडायचे?
– एक प्राध्यापिका, बेळगाव

उत्तर : एवढ्यावरून पाडता येणार नाहीत. त्या घरांना पुन्हा विचारावं लागेल.

‘माग’च घ्या. एकाचे स्वतःचे माग असून त्यांवर मजूर आहेत. दुसरा घरातल्या दोन मागांवर व्यापाऱ्याचं सूत घेऊन मजुरीनं साड्या विणून देतो. तिसरा दुसऱ्याच्या शेडमध्ये नगावर काम करतो. तिघेही पावरलूम चालवत असतील, तर राष्ट्रीय व्यवसाय वर्गीकरण २०१५ मध्ये, म्हणजे प्रत्येक कामाला संकेतांक देणाऱ्या सरकारी यादीत, तिघांचा गट एकच, ८१५२. म्हणजे हा संकेतांक काम सांगतो, वर्ग सांगत नाही. वर्गासाठी कामातलं नातं हवं. राष्ट्रीय नमुना पाहणीच्या पद्धतीनं पहिला मालक (१२), दुसरा स्वयंरोजगारी (११). तिसऱ्याला नियमित काम असेल तर नियमित पगारी (३१), मग मजुरी नगावर का असेना. जसं काम निघेल तसं बोलावलं जात असेल तर नैमित्तिक मजूर (५१).

म्हणून प्रत्येकाला चार गोष्टी विचारा : हातानं नेमकं काय करता? तिथं काय तयार होतं? माग-यंत्र कुणाचं, कच्चा माल कुणाचा? हाताखाली पगारी माणसं किती? उत्तर त्यांच्याच शब्दांत लिहून घ्यायचं, संकेतांक नंतर टेबलावर बसून टाकायचा. दारात उभ्या उभ्या टाकलेले आकडे हमखास चुकतात. ‘उद्यमबागला (बेळगावच्या औद्योगिक वसाहतीत) कंपनीत आहे’ म्हणणारा साचे भरणारा मोल्डर (७२११) असेल, सीएनसी म्हणजे संगणकावर चालणाऱ्या यंत्राचा ऑपरेटर (७२२३) असेल, नाहीतर गेटवरचा वॉचमन. सुरुवातीचे ५० फॉर्म दोघांनी वेगवेगळे संकेतांकित करून ताडून बघा. चौथ्या अंकावर एकमत होत नसेल तर तीन अंकांवर थांबा.

निपाणीत खरी गळती बायकांच्या रकान्यात होते. ‘काम करता का?’ असं विचारलं की ‘नाही, घरीच असते’ असं उत्तर येतं आणि पोरं ९२, म्हणजे घरकाम, लिहून मोकळी होतात. ‘विड्या वळता का? म्हशीचं दूध डेअरीला घालता का? वर्षात किती दिवस?’ असं विचारा. गेल्या ३६५ दिवसांत मिळून ३० दिवस तरी असं काम झालं असेल, तर ते दुय्यम काम म्हणून नोंदवायचंच. एक खोच आहे. पान-तंबाखू घरी आणून, हजार विड्यांमागे ठरलेल्या मजुरीवर विड्या वळून देणारी बाई सरकारी व्याख्येत स्वयंरोजगारी ठरते. आमच्या मते वर्ग पाडताना तिला दुकानदाराच्या रांगेत बसवणं चुकीचं. ‘घरबसल्या नगावर काम’ असा वेगळा गट ठेवा.

‘शेती’ला एकर, पाणी आणि ‘दुसऱ्याच्या रानात रोजानं जाता का?’ हे तीन जोडप्रश्न पुरतात.

प्रश्न : कुप्पुस्वामी श्रेणी खानापूरच्या खेड्यांत चालेल का?
– एक विद्यार्थी, खानापूर

उत्तर : नाही. शिक्षण, व्यवसाय आणि उत्पन्न यांना गुण देऊन कुटुंबाचा वर्ग ठरवणारी १९७६ ची ती श्रेणी शहरी कुटुंबांसाठी आहे. तिच्या मूळ तक्त्यात कारकून, दुकानदार आणि शेतकरी तिघांनाही सरसकट ५ गुण आहेत. दोन एकर कोरडवाहू आणि वीस एकर ऊस तिथं सारखेच. खेड्यांसाठी जमीन, घर, जनावरं, अवजारं मोजणारी उदय पारीक यांची श्रेणी घ्या. बेळगाव शहरापुरती कुप्पुस्वामी वापरलीत, तर उत्पन्नाचे टप्पे पाहणीच्या महिन्याच्या महागाई निर्देशांकानुसार बदलून घ्या. जुने टप्पे तसेच ठेवले तर जवळपास सगळी घरं वरच्या टप्प्यात जाऊन बसतात.